पहिलीचा ग्रुप आणि ऊसतोडीचा हंगाम

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा माझ्या पहिली-दुसरीच्या हजेरीपटावर २३ मुलं होती आणि माझ्या मोबाईलमध्ये त्यातल्या ११ घरांचे नंबर होते. अकराच्या अकरा बापांचे. एकाही आईचा नंबर माझ्याकडे नव्हता. बीड जिल्ह्यात धारूरच्या डोंगरपट्ट्यात आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. दिवाळी झाली की गावातली निम्म्याहून जास्त घरं कुलपं लावून ऊस तोडायला जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्या मार्चमध्येही बरीच घरं बाहेरच होती.

मग टाळेबंदी लागली आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांवर अडकल्या. गाळप संपत आलेलं, हाताला काम नाही, जिल्ह्यांच्या सीमा बंद. गावात राहिलेले आजी-आजोबा माझ्या दारात येऊन विचारायचे, "बाई, आमच्या लेकराचं काही कळतंय का?" मी टोळी नेणाऱ्या एका मुकादमाचा नंबर मिळवला. त्याच्याकडून दुसऱ्याचा, दुसऱ्याकडून कोपीवरच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीतल्या, एका पोराचा. असं करत पंधरा दिवसांत कोण कुठल्या कारखान्यावर आहे, सोबत किती लेकरं आहेत, किराणा आहे का, याची एक वही तयार झाली. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात सरकारनं मजुरांना गावी यायची परवानगी दिली. तपासण्या करून माणसं आली आणि गावाबाहेर आपापल्या शेतात राहिली. ती वही समोर ठेवूनच मी मोबाईलवर ग्रुप केला. म्हणजे आमचा ग्रुप अभ्यासासाठी निघालाच नव्हता. कोण कुठं आहे आणि जेवलंय का, एवढं कळावं म्हणून तो निघाला. पुढे जे काही चांगलं झालं ते या सुरुवातीमुळे झालं, असं मला आज वाटतं. मध्ये मात्र मी तो बिघडवला, तेही सांगायला हवं.

१५ जूनला कागदावर शाळा सुरू झाली आणि वरून रोज अभ्यासाच्या लिंका यायला लागल्या. मी त्या ग्रुपवर ढकलायचे. मराठीची लिंक, गणिताची लिंक, स्वाध्याय. खाली "ओके मॅडम", "ओके मॅडम" आणि दोन-चार हात जोडलेले. शिक्षण चालू आहे असं मला खरंच वाटत होतं. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीत २०१८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२० मध्ये हा आकडा ६१.८ वर गेला. पण घरात फोन असणं आणि सहा वर्षांच्या पोराच्या हातात तो येणं यात फार अंतर असतं. आमच्याकडे फोन बापाच्या खिशात. बाप सकाळी शेतावर, संध्याकाळी पारावर. घरी येईपर्यंत पोर झोपलेलं. आणि जागं असलं तरी पहिलीतलं पोर लिंक उघडून काय करणार? त्याला वाचता येत नाही म्हणून तर ते पहिलीत आहे!

तीन आठवड्यांनी माझ्या हातून एक चूक झाली. स्वाध्याय न केलेल्या नऊ मुलांची नावं मी यादी करून ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, "पालकांनी लक्ष द्यावे." दुसऱ्या दिवशी एका मुलीची आजी तोंडाला पदर लावून माझ्या ओट्यापाशी आली, लांबच उभी राहिली.

"बाई, आमच्या लेकराचं नाव साऱ्या गावाच्या मोबाईलात कशाला टाकलं? तिचा चुलता वाचून दाखवायलाय सगळ्यांना. लेकरू सकाळपासून जेवलं नाही."

मला काही बोलता आलं नाही. वर्गात मी कधी नऊ मुलांना रांगेत उभं करून गावाला दाखवलं नसतं. मोबाईलवर मात्र दोन बोटांत केलं. यादी काढून टाकली, पण तोवर ती सगळ्यांनी पाहिली होती. रात्री मी बराच वेळ माफीचा मजकूर लिहीत बसले. लिहिलेलं इतकं कोरडं वाटायला लागलं की शेवटी माईकचं चिन्ह दाबलं आणि बोलले. चुकले, असं पुन्हा होणार नाही, आणि ती नऊही मुलं हुशार आहेत, असं नाव न घेता सांगितलं. चाळीसेक सेकंदांचं बोलणं असेल.

साडेदहाच्या सुमाराला उत्तर आलं. बाईचा आवाज, हळू, शेजारी कुणी झोपलं असावं असा. "बाई, तुमी इतकं मनाला लावून घिऊ नका. आमाला वाचता येत नाही म्हणून आमी काही बोलत नव्हतो. हे बोलायचं आज कळलं."

त्या एका वाक्यानं मला माझा दोन महिन्यांचा ग्रुप उलगडून दाखवला. ज्यांच्याशी मला बोलायचं होतं त्यांच्यातल्या निम्म्या जणींना माझे मेसेज वाचताच येत नव्हते. "ओके मॅडम" लिहिणारे सगळे बाप, चुलते, मोठे भाऊ होते.

दुसऱ्या दिवसापासून मी लिहिणं जवळजवळ बंद केलं. संध्याकाळी साडेसातला, भाकरी चाललेल्या असतात त्या वेळी, एक बोलका मेसेज. एका मिनिटाच्या आत. त्यात एकच गोष्ट विचारायची आणि तीही घरात सापडणारी. "आज चुलीवर काय आहे? त्यातलं 'भ'नं सुरू होणारं काय?" "घरातल्या सगळ्यांच्या चपला दारात जोडीनं लावा, किती जोड्या झाल्या?" "आजीला विचारा, तुमच्या शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे का?" या शेवटच्या प्रश्नाला दोन दिवस उत्तरं येत राहिली. मला हे गाव सात वर्षं माहीत होतं, त्यातली निम्मी नावं मी पहिल्यांदा ऐकली. मुलं ती नावं सांगताना अडखळत नव्हती. वर्गात "माझे गाव" या विषयावर दोन वाक्यं बोलताना हीच मुलं भिंतीकडे बघायची.

नंबर जपून ठेवताना मी "अमक्याचे वडील" असं लिहायचे. ते बदलून "तमक्याची आई" केलं. मग एका बाईनं फोनवर हसत विचारलं, "मला नाव नाही का, बाई?" तेव्हापासून प्रत्येकीचं स्वतःचं नाव. कितीतरी जणींचं नाव मला तोवर खरोखर माहीत नव्हतं.

फोन नसलेली चार घरं होती. त्यांना शेजारच्या फोनवाल्या घराशी जोडून दिलं. त्यातल्या तीन जोड्या चालल्या. चौथ्या घरी ज्यांचा फोन होता त्यांच्याशी बांधावरून जुनं भांडण होतं आणि मला ते माहीत नव्हतं. तिथं मी स्वतः आठवड्यातून दोनदा जायचे. असं जाणं फोनपेक्षा बरंच होतं, पण २३ घरी ते जमणारं नव्हतं.

नियम मी आधी ठरवले होते ते कुणी पाळले नाहीत. जे टिकले ते आयांनी घातलेले. रात्री नऊनंतर काही टाकायचं नाही, कारण फोन वाजला की नवरा विचारतो कुणाचा. मुलाचा फोटो त्याच्या आईला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. हा दुसरा नियम आला तो एका मुलाचा उघड्या अंगानं अंघोळ करतानाचा फोटो गमतीनं कुणीतरी टाकला आणि तो दुसऱ्या ग्रुपवर फिरला तेव्हा. आणि फुलांची, देवांची सकाळची चित्रं टाकायची नाहीत, कारण त्यानं फोन भरतो आणि मग लेकराचा आवाज साठवायला जागा उरत नाही. या शेवटच्यावर दोन ज्येष्ठ मंडळी रुसली. त्यांच्या घरी जाऊन चहा प्यावा लागला.

दिवाळी झाली. टोळ्या निघायची वेळ आली तशी माझ्या पोटात खड्डा पडला. दरवर्षी आम्ही मुलांना शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथं जातील तिथल्या शाळेत त्यांना बसता यावं. काहींना गावातल्या हंगामी वसतिगृहात ठेवून आई-बाप जातात. पण पहिलीतलं पोर आईशिवाय कसं राहणार? ते सोबतच जातं. आणि कोपी पडते उसाच्या फडाच्या कडेला, शाळा असते दोन-चार किलोमीटरवर, आई-बाप पहाटे तीन-चारला उठून कोयता घेऊन गेलेले. पोराला शाळेत नेणार कोण? पूर्वी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा भरायच्या, त्या आता जवळजवळ दिसत नाहीत. त्यात २०२० चं ते साल, शाळाच बंद.

ग्रुपवर आम्ही ठरवलं, इथून पुढे संध्याकाळचा मेसेज सुरूच राहील, उत्तर जमेल तेव्हा द्यायचं. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर नाहीतर गावातल्या टपरीवर पाच-दहा रुपये देऊन चार्ज व्हायचा. चार-चार दिवस काही यायचं नाही आणि मग एकदम सहा-सात उत्तरं.

जानेवारीत सांगली जिल्ह्यातल्या एका फडातून आलेलं एक रेकॉर्डिंग मी आजही जपून ठेवलं आहे. एक मिनिट दहा सेकंदांचं. आधी पाचट तुडवल्याचा आवाज येतो, मग कोयत्याचा, मग लांबून बैलाच्या गळ्यातली घुंगरं. आई मोळ्या बांधतेय आणि पोरगा मोजतोय. "पंचवीस... सव्वीस... सत्तावीस... अठ्ठावीस... नव्वावीस." कोयता थांबतो. आईचा आवाज, दम लागलेला: "नव्वावीस कुठलं रं? एकुणतीस. तीसाला एक उणं. तीस भरायला एक मोळी कमी हाय ना? म्हणून एकुणतीस." पोरगा म्हणतो, "मग ही आणली की तीस?" "तीस. उचल." आणि रेकॉर्डिंग बंद.

मराठीतले आकडे लहान मुलांना किती अवघड जातात, हे प्रत्येक पहिलीच्या शिक्षकाला माहीत आहे. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला होता. मी त्या वेळी प्रशिक्षणात दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. पण एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या सगळ्यांच्या पोटात "एक उणा" बसलेला आहे हे मी बारा वर्षांत वर्गात कधी सांगितलं नव्हतं. कधी शाळेत न गेलेल्या बाईनं ते मोळी दाखवून सांगितलं. शाळा उघडल्यावर मी चिंचोक्यांचे गठ्ठे करून तसंच शिकवायला लागले. दहाचा गठ्ठा, त्याला एक उणा. आता आमच्या वर्गात "नव्वावीस" क्वचित ऐकू येतं.

ते रेकॉर्डिंग मी आईला विचारून ग्रुपवर सगळ्यांना ऐकवलं. त्यानंतर आया स्वतःहून पाठवायला लागल्या. कुणी भाकरी थापताना गोल, अर्धा, चतकोर. कुणी गाडीच्या वजनाच्या पावतीवरचे आकडे पोराला वाचायला लावून. एका आजीनं जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. जातं घरात नव्हतंच, चक्की आल्याला किती वर्षं झाली, पण बसल्या बसल्या हात फिरवत म्हणत होती हे नातीनं सांगितलं.

त्याच महिन्यात ग्रुप मोडायला आला होता. १५ जानेवारी २०२१ ला ग्रामपंचायतीचं मतदान होतं. दोन्ही पॅनेलवाले ऊसतोड मतदारांना गाड्या करून गावी आणत होते, आणि मतदारांचे सगळ्यांत ताजे नंबर कुठे, तर पहिलीच्या ग्रुपवर! प्रचाराचे फोटो पडायला लागले, मग उत्तरं, मग शिव्या. मी घाबरून ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच बोलता येईल असं केलं आणि आठवड्यानं पुन्हा मोकळं केलं. मोकळं केल्यावर कुणी बोलेना. आयांना वाटलं, बाईंना आता आपलं बोलणं नको आहे. एकेकीला फोन करून समजावण्यात पूर्ण फेब्रुवारी गेला. नको त्या चौघांना काढलं असतं तर भागलं असतं, सगळ्यांचं तोंड बंद करायला नको होतं. तेव्हापासून मी ते बटण वापरलेलं नाही. ज्यानं नियम मोडला त्याच्या घरी जाऊन बोलते.

एप्रिल २०२२ मध्ये राज्यात शाळापूर्व तयारी अभियान आलं, "पहिले पाऊल" नावानं. पहिलीत येणाऱ्या मुलांचा मेळावा, नोंदणीपासून पालकांच्या मार्गदर्शनापर्यंत सात टेबलं, वाडी-वस्तीवर मातांचे गट, त्यात एक लीडर माता, आणि दर आठवड्याला करायच्या कृतींचं आयडिया कार्ड. आमच्याकडे मातांचा गट आधीच बोलता झालेला होता, म्हणून हे अभियान आम्हाला परकं वाटलं नाही. मोठा फायदा असा झाला की अंगणवाडीच्या ताई ग्रुपमध्ये आल्या. तीन ते सहा वर्षांची मुलं त्यांच्याकडे, पुढची माझ्याकडे, आणि तोवर आमचं एकमेकींशी बोलणं पोषण आहाराच्या तांदळापुरतंच होतं. ताईंना प्रत्येक घराची खडान्‌खडा माहिती. कुठलं पोर उशिरा बोलायला लागलं, कुणाच्या आईचं बाळंतपण अवघड गेलं, कोण अजून रात्री अंथरूण ओलं करतं. यातलं काहीही त्यांनी ग्रुपवर कधी टाकलं नाही. माझ्या कानात सांगितलं. मला जूनमध्ये मूल वर्गात येण्याआधीच ते ओळखीचं झालेलं असायचं.

आयडिया कार्डातली कृती ताई आधी स्वतःच्या शब्दांत बोलून टाकतात. छापील भाषेत "विविध आकारांचे वर्गीकरण करा" असतं. ताई म्हणतात, "डब्यातल्या डाळी मिसळून द्या अन् निवडायला लावा. मूग, मटकी, हरभरा. लेकरू रमतंय अन् तुमचा सैपाक होतोय." तेवढ्यावर काम होतं.

एक गोष्ट मला सतत खटकते. प्रत्येक उपक्रमाचा फोटो मागितला जातो. आई पोराजवळ बसून डाळ निवडतेय, तिथं मध्येच "जरा इकडं बघा" म्हणावं लागतं. पोराचा हात थांबतो, आई पदर सावरते, आणि जे चाललं होतं ते संपतं. मी फोटो पाठवते, नोकरी आहे. पण खरं काम ज्या दिवशी झालं त्या दिवसांचे फोटो माझ्याकडे जवळजवळ नाहीत. आवाज आहेत.

आणि जे जमलं नाही तेही आहे. २०२२ च्या हंगामात एक कुटुंब कर्नाटकात गेलं. तिकडे नंबर बदलला. मुकादम दुसरा होता, तो फोन उचलायचा नाही. पाच महिने काहीच कळलं नाही. मे महिन्यात ती मुलगी परत आली तेव्हा दुसरीचं वर्ष संपलं होतं आणि तिच्या कडेवर आठ महिन्यांचा भाऊ होता. पूर्ण हंगाम तिनं त्याला सांभाळला होता. अक्षरं बरीचशी गेली होती. मी तिला विचारलं, रोज काय करायचीस? म्हणाली, "बाळाला तुमची गाणी म्हणायचे." मला आधी समजेना. मग तिच्या आईनं सांगितलं, जुन्या फोनमध्ये माझी जुनी रेकॉर्डिंग होती. रेंज नव्हती, सिम नव्हतं, पण ती वाजत होती. बाळ रडलं की पोरगी ती लावायची. तेव्हापासून टोळ्या निघायच्या आधी प्रत्येक फोनमध्ये मी वीसेक रेकॉर्डिंग भरून देते, गाणी, गोष्टी, मोजणी. लहान, कमी जागेची. रेंज गेली तरी राहतील अशी.

एकदा उलटंही घडलं. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत आमचा एक मुलगा हमी कार्ड घेऊन गेला. तिथल्या गुरुजींपुढे तो तीन दिवस एक शब्द बोलला नाही. आईनं गुरुजींना फोन लावून दाखवला आणि पोराचीच जुनी रेकॉर्डिंग ऐकवली, शेताच्या तुकड्यांची नावं सांगतानाची. गुरुजींनी त्याला विचारलं, "तुमच्या 'चिंचेच्या पट्टी'त खरंच चिंच आहे का?" आणि पोरगा बोलायला लागला. ते गुरुजी त्याच रात्री माझ्याशी बोलले. आता हंगामात तेही आमच्या ग्रुपमध्ये असतात, आणि त्या भागात आमची कुठली टोळी उतरली आहे हे मला कळायच्या आत त्यांना कळलेलं असतं.

यंदा टोळ्या दिवाळीच्या पाडव्यानंतर चार दिवसांनी निघाल्या. संध्याकाळी ट्रॅक्टर भरले. भांडी, जळण, शेळी, गोधड्या, वर लेकरं. मी आणि ताई वेशीपर्यंत गेलो. पहिलीतली एक मुलगी ट्रॉलीत सगळ्यांत वर बसली होती, पिवळा स्वेटर घालून. तिला म्हटलं, रस्त्यानं विजेचे खांब मोज.

रात्री नऊ वाजून गेले होते. आमच्या नियमाची वेळ टळली होती, पण फोन वाजला. ट्रॅक्टरचा धडधड आवाज, वारा, आणि त्यातून तिचा आवाज: "बाई, शंभर खांब झाले. आता शंभरच्या पुढं काय?"

मी उत्तर द्यायला माईकवर बोट ठेवलं, तोवर ग्रुपवर एकापाठोपाठ आवाज यायला लागले होते. गावात राहिलेल्या तिच्या आजीचा. अंगणवाडीच्या ताईंचा. साताऱ्याच्या गुरुजींचा. आणि पुढच्या ट्रॅक्टरमधून त्या मोळ्या मोजणाऱ्या पोराच्या आईचा:

"एकशे एक. मोज पुढं, बाळा."